येलदरीच्या छबूबाईंचा क्रोएशिया

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी छबूबाई विळीवर बसून दीड किलोच्या रोहूचे खवले काढत होत्या. येलदरी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली त्यांची जागा आहे. हात माशावर होते आणि कान डावीकडे. डावीकडे हातभर अंतरावर त्यांची धाकटी जाऊ कमलबाई बसतात. कमलबाईंनी पाटीच्या काठाला मोबाइल टेकवला होता आणि रात्री आलेला व्हिडिओ त्या गिऱ्हाइकांना दाखवत होत्या.

“हे बगा, आमच्या प्रीतमचा मुलूख. हजाराच्या वर बेटं हायेत म्हनं त्या देशाला. मानसं राहतेत ते पन्नासावरच. बाकीचे रिकामे.”

“रिकामे कामून?” एका गिऱ्हाइकानं विचारलं.

“प्यायला पानी न्हाई तितं. चारीमेर समुद्र, पन गोडं पानी न्हाई.”

छबूबाईंनी रोहूचं डोकं वेगळं केलं. “प्यायला पानी न्हाई तितं पोरगं धाडलंस व्हय गं कमल?”

“रिकाम्या बेटावर न्हाई धाडलं, बाई. वस्तीच्या बेटावर धाडलं.”

गिऱ्हाइकानं कमलबाईंकडूनच एक किलो कटला घेतला. व्हिडिओ बघून झाल्यावर शेजारच्या पाटीकडे जाणं माणसाला अवघड वाटतं, हे छबूबाईंच्या केव्हाच ध्यानात आलं होतं.

क्रोएशिया हा देश इटलीच्या समोर, अॅड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहे. त्याच्या किनाऱ्यावर झादर नावाचं जुनं शहर आहे. शहरासमोरच्या एका बेटाजवळ समुद्रात गोल पिंजरे सोडून मासे वाढवतात. प्रीतम तिथे कामाला आहे. पिंजऱ्यांना खाद्य टाकायचं, जाळी तपासायची, मेलेले मासे काढायचे. चोवीस वर्षांच्या या मुलाला जाऊन दहा महिने झाले होते आणि या दहा महिन्यांत छबूबाईंनी एकही दिवस असा काढला नव्हता, की त्या जागेवर आपला मुलगा गोपीचंद असायला हवा होता हे मनात आलं नाही.

त्यांच्याकडे कारण होतं. दीड वर्षापूर्वी नांदेडच्या एका एजंटाच्या ऑफिसात दोघे चुलतभाऊ एकाच बाकावर बसले होते. समोर लॅपटॉपवर क्रोएशियातली बाई, मधे इंग्रजी समजावून सांगणारा एजंटाचा माणूस. आधी गोपीचंदचा नंबर लागला. गोपीचंद सव्वीस वर्षांचा, वडील वारल्यापासून घरची जाळी एकट्यानं सांभाळणारा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तो पहाटे धरणाच्या पाण्यात जातो, जाळी उचलतो आणि उजाडायच्या आत परत येतो. कधी तराफा अडचणीचा झाला तर तो सोडून पोहत येतो. बाईंनी जाळ्याबद्दल विचारलं, त्यानं सांगितलं. माशांच्या रोगाबद्दल विचारलं, तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पोहता येतं का?

गोपीचंद हसला. खाली बघून, खांदे हलवून हसला. भोयाच्या पोराला कोणी हे विचारलेलं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याला ती थट्टा वाटली आणि थट्टेला उत्तर द्यायचं नसतं म्हणून त्यानं दिलं नाही. त्याच्यानंतर प्रीतम बसला. त्याला तोच प्रश्न आला. प्रीतम ताठ बसून म्हणाला, “येस मॅडम. व्हेरी गुड.”

प्रीतमची निवड झाली.

प्रीतम नऊ वर्षांचा असताना घाटावरून पाय घसरून खोल पाण्यात गेला होता. छबूबाई तिथे धुणं धुवत होत्या. त्यांनी लुगड्यासकट उडी टाकली आणि त्याला केसाला धरून वर काढलं. तेव्हापासून प्रीतम कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे गेला नव्हता. घरच्यांनी त्याला काठावरची कामं दिली: बर्फ लावणं, जाळी वाळवणं, टेम्पो चालवणं. हे येलदरीच्या भोईगल्लीत सगळ्यांना माहीत होतं. क्रोएशियात कोणाला माहीत नव्हतं, असं छबूबाई धरून चालल्या होत्या.

दहा महिने त्यांनी क्रोएशिया ऐकला. ऐकायचा नाही असं ठरवूनही ऐकला, कारण कमलबाईंचा आवाज हातभर अंतरावरून येत होता. गळ्यात बांधायचा टाय तिथला, हे त्यांना असंच कळलं. चारशे वर्षांपूर्वी क्रोएशियाचे शिपाई फ्रान्सला लढायला गेले, त्यांच्या गळ्यातले रुमाल तिथल्या लोकांना आवडले आणि त्यातून टाय निघाला. “म्हंजी इंग्लिश शाळेतल्या लेकरांचे गळे ह्यांनीच आवळले,” छबूबाई म्हणाल्या. तिथे घरात अनवाणी फिरलेलं चालत नाही. प्रीतम मालकिणीच्या घरी जेवायला गेला तेव्हा तिच्या म्हाताऱ्या आईनं आधी त्याच्या पायात सपाता घातल्या, आणि त्यानं दोन खिडक्या एकदम उघडल्यावर ती ओरडली. आरपार वारा अंगावर घेतला की माणूस आजारी पडतो, अशी त्या लोकांची पक्की समजूत आहे. “आपल्या इतं उन्हाळ्यात आरपार वाऱ्यासाठी मानूस नवस करतंय,” छबूबाई म्हणाल्या, “आन हे वाऱ्याला भितेत.”

मासा तीनदा पोहतो, असं तिथे म्हणतात. आधी समुद्रात, मग ऑलिव्हच्या तेलात आणि शेवटी दारूत. कमलबाईंकडे त्या तेलाची बाटली आली, तेव्हा त्यांनी बोटभर जावेच्या तळहातावर घातलं. छबूबाईंनी वास घेतला. तेल चांगलं होतं. “करडईची सर न्हाई,” त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसला.

स्प्लिट नावाच्या शहरात लोक घोट्याएवढ्या समुद्रात उभे राहून चेंडू खेळतात; चेंडू पाण्यात पडू द्यायचा नाही, एवढाच खेळ. हे ऐकल्यावर मात्र छबूबाई मनापासून हसल्या. “घोट्याएवढ्या पान्यात व्हय? मंग आपल्या प्रीतमच्या जोगता खेळ हाय.” कमलबाईंनी मोबाइल पालथा केला.

सगळ्यात जास्त छबूबाईंना वाऱ्यांबद्दल ऐकायला आवडे. उत्तरेच्या डोंगरावरून एक थंड वारा येतो, त्याला बुरा म्हणतात. तो सुटला की पुलावरची वाहतूक बंद होते. पाग नावाच्या बेटाच्या एका बाजूला तो समुद्राचं पाणी इतकं उडवतो की तिथे झाड उगवत नाही. जे खुरटं गवत उगवतं त्यावर मीठ बसतं, मेंढ्या ते खातात आणि त्यांच्या दुधाच्या पनीराला जगात भाव आहे. दुसरा वारा दक्षिणेचा, यूगो. तो ओला आणि जड. तो सुटला की माणसं चिडचिडी होतात. जुन्या काळी दुब्रोव्निकच्या राज्यात हा वारा असताना पंचमंडळी कोणता मोठा निर्णय घेत नसत, असं तिथले लोक सांगतात.

छबूबाई रोज विचारायच्या, “आज वारा हाय का गं तिकडं?” गिऱ्हाइकांना वाटे, मोठी जाऊ पुतण्याची काळजी करते. कमलबाईंना तसं वाटत नव्हतं.

एकदा छबूबाईंना खरा दारूगोळा मिळाला. धम्मशीला मॅडम गावातल्या शाळेत भूगोल शिकवतात आणि दर रविवारी मरळ घ्यायला येतात. छबूबाईंनी त्यांना हळूच विचारलं होतं, की त्या देशाचं काही वाईट असेल तर बघून सांगा. पुढच्या रविवारी मॅडमनी सांगितलं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावरच्या द्राक्षवेलींवर रोग पडला आणि बेटंच्या बेटं ओस झाली. माणसं न्यूझीलंडला गेली, तिथे दलदलीत खोदून झाडाचा जुना डिंक काढायला. काही थेट चिलीच्या दक्षिण टोकाला गेली. आजही तिथली तरुण मुलं जर्मनीला, आयर्लंडला जातात. म्हणून तर बाहेरची माणसं बोलवावी लागतात.

“ऐकलंस का कमल?” छबूबाईंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. “त्यांचेच पोरं तितं राहीनात. पळून जायलेत. आन तुमी त्याचे फोटो दाखवायलेत.”

कमलबाईंनी वजनकाट्यावर मासा ठेवला. “मनूनच तर आमच्या पोराची कदर हाय, बाई. गावात मानूस उरला न्हाई की एकाची किंमत कळती.”

मॅडमनी मरळ घेतला आणि त्या निघून गेल्या.

जानेवारीत बातमी आली. मार्चपासून आणखी एक माणूस हवा होता. मालकीण नेवेंका मॅडम, म्हणजे लॅपटॉपवरची तीच बाई, या वेळी एजंटाकडे न जाता प्रीतमनं सुचवलेला माणूस घेणार होत्या. प्रीतमनं आईला विचारलं. कमलबाईंच्या मनात दोन नावं होती: पुतण्या गोपीचंद आणि झरीला राहणारा सख्ख्या भावाचा मुलगा रंगनाथ. हे त्यांनी लपवलं नाही. पाटीवर बसल्या बसल्या सांगितलं.

“रंगनाथला मासा कोनत्या बाजूनं धरायचा ते तरी म्हाईत हाय का?” छबूबाई म्हणाल्या. “सोयाबीनच्या रानात वाढलेला.”

“शिकंल की. प्रीतम शिकला.”

“प्रीतम शिकला!”

“तुमी गोपीसाठी शब्द टाका ना, बाई. मी न्हाई म्हनते का? पन तुमी मागतच न्हाईत.”

छबूबाईंनी मागितलं नाही. ज्या जागेवर आपल्या मुलाचाच हक्क होता ती जागा जावेकडे मागायची, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. घरी गोपीचंद म्हणाला, “माय, एकदा काकीला म्हन. मला जायचंय. किती दिवस तराफ्यावर बसू?” त्यांनी त्याला भाकरी वाढली.

दोन दिवसांनी, पाट्या उचलायच्या वेळी, त्या कमलबाईंजवळ सरकल्या.

“कमल, एक सांग. तुझ्या पोराला पवता येत न्हाई, हे त्या मॅडमला कळलं तर काय व्हईल?”

कमलबाईंचा हात पाटीवरच थांबला. “बाई, तुमी असं करनार न्हाईत.”

“मी कशाला करू? गोपीचा त्या मॅडमला फोन लावून दे. मग मी कशाला करू?”

कमलबाईंनी मोबाइल काढला. मग त्यांनी झरीला भावाकडे फोन लावला आणि रंगनाथचं या वेळी जमणार नाही, असं सांगितलं. पलीकडून फोन लगेच ठेवला गेला. छबूबाईंनी ते बघितलं. त्यांनी ओली गोणपाटं घडी घातली.

फोन ठरला दुपारी अडीचला; गोपीचंदचं पोहणं मॅडमना दाखवायचं होतं. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि तिकडच्या कोळ्यांची न्याहारीची वेळ असते. भोईगल्लीच्या मागच्या घाटावर कमलबाई मोबाइल धरून उभ्या राहिल्या. त्यांचे नवरे आश्रुबा दगडावर बसले. गल्लीतली दहा-बारा माणसं जमली. पडद्यावर आधी प्रीतम दिसला, मग त्याच्या शेजारी पन्नाशीच्या नेवेंका मॅडम. पांढरे आखूड केस, पिवळी रबरी विजार, हातात पावाच्या तुकड्यावर खारवलेली मासळी. मागे दगडावर दगड रचून केलेली, चुना-सिमेंट नसलेली लांब भिंत.

“मोठी माय, बरी हाईस का?” प्रीतम म्हणाला.

“मी बरी हाय. वारा हाय का तितं?”

“न्हाई. आज शांत हाय.”

गोपीचंद तयारच होता. इशारा मिळताच त्यानं सदरा काढला आणि पाण्यात सूर मारला. पाण्यातल्या बाभळीच्या सुक्या खोडापर्यंत तो गेला, वळला, मधे बुडी घेऊन बऱ्याच पुढे वर आला आणि काठाला लागला. गल्लीतल्या कोणी शिट्टी मारली. छबूबाईंची मान ताठ झाली. नेवेंका मॅडमनी पाव चावून संपवला आणि प्रीतमला काहीतरी सांगितलं.

“मॅडम म्हनायल्या, छान,” प्रीतमनं सांगितलं. “म्हनायल्या, प्रीतम माझा सगळ्यात चांगला मानूस हाय. हा त्याच्यासारखा निघाला तर बास.”

तेवढ्यानं ठिणगी पडली. काम होत आलं होतं, गप्प राहणं सोपं होतं आणि शब्दही दिलेला होता. छबूबाई दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी कमलबाईंच्या हातातला मोबाइल स्वतःकडे वळवला.

“तिला सांग, ह्याच्यासारखा म्हंजी काय? गोपी तुझ्यापेक्षा शंभरपट पवतो. तुला पवता येतच न्हाई. नऊ वर्षांचा होतास, बुडायला होतास, मी केसाला धरून काढलं. हे बी सांग तिला. सगळं सांग.”

“बाई!” कमलबाई ओरडल्या.

पडद्यावर प्रीतम खाली बघत होता. सांगणारा तोच होता, त्यामुळे काहीही सांगू शकला असता. त्यानं मॅडमकडे वळून सावकाश, अडखळत सांगितलं. एका ठिकाणी त्यानं स्वतःचे केस मुठीत धरून वर ओढून दाखवले. तेव्हा सगळ्यांना कळलं, की तो खरंच सांगतोय.

नेवेंका मॅडम हसल्या. मग बराच वेळ बोलल्या.

“मॅडम म्हनायल्या,” प्रीतम म्हणाला, “ते त्यांना पयल्या महिन्यातच कळलं. मीच सांगितलं. आता त्या शिकवायल्यात मला, रविवारी, काठावर. म्हनायल्या, त्यांचे आजोबा पन्नास वर्सं समुद्रात गेले, त्यांना पवता येत नव्हतं. ज्याला येत न्हाई तो होडी सोडत न्हाई आन जाकीट काढत न्हाई. गोपीदादाला त्यांनी पवता येत न्हाई मनून सोडलं नव्हतं. तो हसला मनून सोडलं. म्हनायल्या, पान्याला हसनारा मानूस मला नको. मला तो समुद्रातून शोधून आनावा लागतो.”

छबूबाईंनी मोबाइल सोडून दिला. तो कमलबाईंच्या हातात राहिला. दीड वर्ष त्यांनी जो अन्याय सांभाळला होता, तो निदान त्यांना वाटत होता तसा नव्हता. त्यांच्या मुलाला कोणी कमी समजलं नव्हतं. जास्त धीट समजलं होतं, आणि म्हणून नाकारलं होतं. यावर रागही धरता येईना.

“आता काय म्हनायल्या?” आश्रुबांनी विचारलं.

“म्हनायल्या, जाकीट घालून पान्यात उतर. मंग बगू.”

गोपीचंदचा चेहरा पडला. मासेमारी संस्थेला सरकारकडून मिळालेली नारिंगी जाकिटं गल्लीत तीन-चार घरी होती. कोणी उशाला घेत, कोणी म्हशीच्या गोठ्यातल्या बाजेवर टाकत. अंगात कोणी घातलं नव्हतं. काठावर फिरायला येणारे पाहुणे ते घालतात. आश्रुबांनी घरातून एक आणलं, झटकलं, त्यातून कोंडा पडला.

“दुधी भोपळा दिसशील,” कोणीतरी म्हणालं. माणसं हसली.

“मी न्हाई घालनार,” गोपीचंद म्हणाला. “गल्लीसमोर न्हाई.”

“घाल,” छबूबाई म्हणाल्या.

“माय, लोक हसायलेत.”

“हसू दे. तू हसू नको. घाल.”

त्यानं हात घातले. पट्टे कुठून कुठे जातात, हे त्याला कळेना. छबूबाई पुढे आल्या, त्यांनी एक पट्टा ओढला, तो भलत्याच कडीत गेला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. त्यांनी या मुलाला लंगोट बांधला होता, शाळेचा गणवेश घातला होता. हे बांधता येईना.

“व्हा बाजूला, बाई,” कमलबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल नवऱ्याकडे दिला आणि गोपीचंदसमोर उभ्या राहिल्या. खालचा पट्टा मांडीखालून घेतला, वरचे दोन छातीवर आवळले, कड्या एकेक करून कट् कट् लावल्या आणि खांद्याला धरून वर ओढून बघितलं, सरकतंय का. प्रीतमनं व्हिडिओवर शिकवलं होतं. त्या रोज रात्री त्याला विचारत होत्या, नीट बांधलंस का, दाखव.

छबूबाई बाजूला उभ्या राहून त्या हातांकडे बघत होत्या. तेलाची बाटली बघताना झाली नव्हती एवढी जळजळ त्यांना तेव्हा झाली.

गोपीचंद पाण्यात उतरला. पोहायला गेला तर जाकीट त्याला पाठीवर उलथवत होतं. बुडी घेता येईना. तो मधोमध तरंगत राहिला, हनुवटी वर, हात बाजूला, आणि घाटावरची सगळी गल्ली पोट धरून हसली. तो हसला नाही. नेवेंका मॅडमनी ते नीट बघितलं आणि प्रीतमला दोन शब्द सांगितले.

“ये म्हनायल्या,” प्रीतम म्हणाला.

संध्याकाळी छबूबाई जावेच्या दारात गेल्या. आत गेल्या नाहीत. “झरीला फोन कर,” त्या म्हणाल्या. “रंगनाथला सांग, पुढच्या खेपेला त्याचं नाव घालू. गोपी घालंल.”

“भाऊ फोन उचलना,” कमलबाई म्हणाल्या.

“उचलंल.”

“आन उचलला न्हाई तर?”

छबूबाई जायला वळल्या, मग म्हणाल्या, “तू लोकाला सांगत फिरनार, आमच्या प्रीतमच्या शब्दावर गोपीचं झालं मनून.”

“मंग कुनाच्या शब्दावर झालं, बाई?”

छबूबाई घरी आल्या. गोपीचंद कागद काढून बसला होता. व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागणार होता आणि त्याचा अर्ज जिंतूरला जाऊन द्यायचा होता.

उद्या पहाटेच्या पहिल्या बसनं तो जिंतूरला जाणार आहे. त्यामुळे पहाटे त्याची जाळी आश्रुबा उचलतील, आणि छबूबाईंच्या पाटीत माल कमलबाई आणून टाकतील.